राघोआप्पाच्या घरचा कडू घास

राघोआप्पानं एकदा जाहीर केलं की केलं! मग ती गोष्ट अजून घडायची बाकी असली तरी ती त्याच्या लेखी किरकोळ बाब. त्या वर्षी त्यानं जाहीर केलं होतं की आपला चेतन मुंबईच्या मोठ्या इंजिनियरिंग कॉलेजात जाणार.

"जाणार म्हणजे जाणार! सांगून ठेवतो!" चहाच्या टपरीवर बशी आपटत तो म्हणायचा. "आणि समजा, नुसतं समजा बरं का, मुंबईवाल्यांचं डोकं फिरलं, तर पुणं आहे. पुणेवाल्यांचं फिरलं, तर दिल्ली आहे. आता एकदम तिघांचं कसं काय फिरेल?"

तिघांचंही फिरलं.

राघोआप्पा मूळचा दोंडाईच्याजवळचा. तरुणपणी सुरतेला आला, तिथल्या गोडादऱ्यात कापड विणायच्या लूमच्या कारखान्यात लागला आणि खटखट ऐकता ऐकता मुकादम झाला. लूमच्या आवाजात ओरडून बोलायची सवय लागलेली, त्यामुळे त्याची बढाई एका गल्लीत मारली तरी तीन गल्ल्यांना पुरायची. पण पोरावर जीव खरा! प्लेगच्या वर्षी अख्खी सुरत गावाकडे पळत सुटली, तेव्हा यानं भांड्यांच्या आधी चेतनची पुस्तकं ट्रंकेत भरली होती. बायकोची, मंगलाबाईची, पितळी परात तेव्हा मागं राहिली ती गेलीच. त्या परातीचा विषय अजून निघतो.

यंदा तर निकालाच्या आधीच त्यानं पेढे वाटले. का? तर म्हणे, "दुकानात ताजे दिसले!" गल्लीनं ते खाल्ले, पचवले, आणि चेतनला 'साहेब' म्हणायला सुरुवात केली. मग एकेका ठिकाणाहून नकार येत गेला. दिल्लीचा शेवटचा नकार आला त्या दिवशी साहेबांनी खाटेवर अंग टाकलं आणि पायापासून डोक्यापर्यंत पांढरी चादर ओढून घेतली.

"चेतन, ऊठ बेटा," राघोआप्पा म्हणाला. "इथंच सुरतेतलं कॉलेज आहे ना, बी.एस्सी.ला जागा आहे म्हणतात. जाऊन येऊ."

"नाही."

"परवा शेवटचा दिवस आहे रे!"

"मला लूमवर बसवा," चादर म्हणाली.

"निदान दाढी तरी कर!"

"कशाला?"

"मग मीपण करत नाही जा!"

वरून राघोआप्पा चिडला होता, पण आतून घाबरला होता. परवा संध्याकाळी कॉलेजची खिडकी बंद झाली की पोराचं वर्ष गेलं. आणि एक वर्षासाठी म्हणून लूमवर गेलेलं पोर परत येत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तो स्वतः एकाच वर्षासाठी आला होता!

सकाळ झाली, पण कारखान्यात जायची हिंमत होईना. पेढे खाल्लेली सगळी तोंडं तिथं बसलेली! त्यानं डोक्यावरून टॉवेल घेतला, तो पार नाकापर्यंत ओढला आणि ओट्यावर भिंतीला टेकून बसून राहिला. आत मंगलाबाईनं स्टोव्हकडे पाठ फिरवली.

"अगं, चहा तरी?"

"कोणासाठी पेटवू? हा उठत नाही, तुमच्या घशाखाली काही उतरत नाही. मी एकटीनं पंगत मांडून बसू का?" असं म्हणून तिनं पदर डोळ्यांना लावला.

आता शेजारी राहायची धुरपदाबाई. मधली भिंत इतकी पातळ की मंगलाबाईच्या स्टोव्हची भरभर हेच धुरपदाबाईचं घड्याळ होतं. त्या दिवशी घड्याळ वाजलंच नाही! ती बाहेर आली. बघते तर काय, ओट्यावर राघोआप्पा, दाढी वाढलेली, डोक्यावर टॉवेल, कामाला दांडी. आत मंगलाबाई डोळे पुसतेय. धुरपदाबाईनं कपाळाला हात लावला. तिनं ओळखलं! या घरात कोणीतरी गेलं!

आपल्या खानदेशी माणसाला अशा वेळी काय करायचं ते शिकवावं लागत नाही. ज्या घरी दुःख, त्या घरी चूल पेटत नाही. शेजारणीनं पिठलं-भाकरी करून न्यायची, त्याला कडू घास म्हणतात. जाऊन गप्प बसायचं. निघताना 'येते' म्हणायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, 'कोण गेलं हो?' असं विचारायचं नाही! ते आपल्याला माहीत असायलाच हवं. नसलं माहीत, तर तोंड मिटून बसायचं आणि चारचौघांच्या बोलण्यातून समजून घ्यायचं. विचारणारा माणूस म्हणजे माणुसकी सोडलेला.

धुरपदाबाईला माणुसकी सोडायची नव्हती. तिनं पिठलं हाटलं, भाकरी थापल्या, परात झाकून आणली, मंगलाबाईच्या पाठीवरून हात फिरवला, एक लांब सुस्कारा टाकला आणि 'येते' न म्हणता निघून गेली.

"पिठलं-भाकरी?" मंगलाबाई परातीकडे बघत राहिली. "अहो, हे तर कडू घास आणल्यासारखंच झालं!"

"मग? पोराचा नंबर लागला नाही हे काय कमी दुःख आहे? तिनं मन ओळखलं गं आपलं!" राघोआप्पानं भाकरीचा तुकडा मोडला. "याला म्हणतात शेजार!"

"खारट झालंय पण," मंगलाबाई म्हणाली आणि दोघांनी मिळून परात चाटूनपुसून संपवली.

तिकडे धुरपदाबाईचं डोकं चालू होतं. प्रेत तर काही दिसलं नाही. म्हणजे सुरतेत कोणी गेलं नाही. म्हणजे गावी गेलं. गावी कोण? राघोआप्पाची म्हातारी आई, रंभाबाई! गेल्या दिवाळीला आली होती तेव्हा खोकत होतीच. झालं! दुपारपर्यंत गोडादऱ्यात रंभाबाई वारल्या.

आणि माणसं बसायला येऊ लागली. राघोआप्पाला आधी लाज वाटली, पण गर्दी वाढली तशी त्याची छाती थोडी थोडी वर यायला लागली. त्याला वाटलं, बरंच झालं! दहा माणसं येतील, चार शब्द बोलतील, पोराला धीर येईल, उद्या उठेल आणि कॉलेजात जाईल. त्यानं टॉवेल जरा मागं सरकवला.

"हिंमत धरा आप्पा," एक कारागीर म्हणाला. "आपल्या हातात काय असतं?"

"काहीच नाही हो! पण मी प्रयत्नांत कसूर केली नाही. मुंबई झालं, पुणं झालं, शेवटी दिल्ली!"

"दिल्लीपर्यंत?" माणसं एकमेकांकडे बघू लागली. म्हाताऱ्या आईसाठी दिल्लीपर्यंत! असा मुलगा हवा!

"मग काय म्हणाले दिल्लीवाले?"

"काय म्हणणार! जागा नाही म्हणाले."

"अरेरे! अशा वेळेलासुद्धा जागा देत नाहीत?"

"ओळखीशिवाय काही होत नाही बघा," राघोआप्पानं मान हलवली, आणि सगळ्यांनी ती हलवली. ज्याला त्याला आपापला सरकारी दवाखाना आठवला.

दुपारनंतर तर कमालच झाली. खुद्द कारखान्याचे शेठ आले! पांढरं धोतर, पांढरा झब्बा, अगदी बेसण्याला, म्हणजे दुखवट्याला बसायला, जातात तसे. हात जोडून ते ओट्यापाशी उभे राहिले.

"राघोभाई, बे दिवस घरे रहो. कारखानो हुं जोई लईश," ते हळू आवाजात म्हणाले. "तमारा दुःखमां आजे लूम बंध राख्या छे."

दोन दिवस सुट्टी, आणि वर लूम बंद! दिवाळी सोडून कधी बंद न पडणारे लूम! राघोआप्पाला आता आनंद लपवता येईना. शेठची पाठ वळताच तो धावत आत गेला.

"चेतन! अरे, शेठनं लूम बंद ठेवले तुझ्यासाठी! दुःख करावं तर असं! अख्ख्या गोडादऱ्यात कोणाच्या नंबराचं एवढं झालं असेल का? ऊठ की रे आता!"

चादर थरथरली.

"आप्पा," आतून आवाज आला, "म्हणजे शेठलाही सांगितलंत? सगळ्यांना कळलं?"

"कळलं म्हणजे? लोकांना बसायला जागा नाही!"

"मग तर मी जन्मात बाहेर येत नाही!" आणि चादर आणखी घट्ट झाली.

राघोआप्पा गार पडला. केलं एक आणि झालं भलतंच!

या गर्दीत एक माणूस खरोखर दुःखी होता. राघोआप्पाचा चुलतभाऊ लोटू. तोही लूमवरच. लोटूकडे आयुष्यात दोनच गोष्टी होत्या: मानेवर रुळणारे केस आणि टोकं वळवलेल्या मिशा. त्यांच्यावर तो जेवढं तेल घालायचा तेवढं शेठ लूमला घालत नसे. रंभाकाकू गेली म्हणजे भाऊबंद या नात्यानं त्याला केस उतरवणं आलं. तसे ते दहाव्याला उतरवतात. पण लोटूनं विचार केला, दहाव्याला शेठ सुट्टी देईल न देईल, आज लूम बंद आहेत तर आजच उरकून घेऊ! तो न्हाव्याकडे जाऊन बसला. न्हाव्यानं दोनदा विचारलं, "मिशापण?" लोटूनं डोळे मिटून मान हलवली.

मग तुळतुळीत डोक्यानं तो एस.टी.डी.च्या बूथवर गेला आणि गावच्या किराणा दुकानात फोन लावला.

"मी लोटू बोलतो, सुरतेहून!" तो रडायलाच लागला. "राघोआप्पाच्या घरी तर... काय सांगू! केस उतरवले मी! दहावा कधी तेवढं..." आणि लाइन कटली.

दुकानदारानं रिसीव्हर ठेवला आणि ओरडतच बाहेर आला. सुरतेला राघोच्या घरी कोणीतरी गेलं! कोण, ते फोनवर कळलं नव्हतं. आणि कोणी त्याला विचारलंही नाही. विचारायचं नसतंच ना!

दुसऱ्या दिवशी, म्हणजे प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी, सकाळपासून ओटा पुन्हा भरला. चेतन अजून चादरीखालीच. राघोआप्पा घडीघडी आत जाऊन "अरे, खिडकी बंद होईल रे!" म्हणून विनवत होता आणि चादर "होऊ द्या" म्हणत होती. इतक्यात गल्लीच्या तोंडाशी हंबरडा फुटला.

"अरे मना राघो रे! काय व्हयनं रे हाई!"

सगळ्यांनी माना वळवल्या. भुसावळ पॅसेंजरनं उधना स्टेशनला उतरून पाच-पन्नास गाववाले येत होते आणि सगळ्यांच्या पुढं, छाती बडवत, नऊवारीचा काष्टा सावरत, स्वर्गवासी रंभाबाई!

धुरपदाबाईच्या हातून पिठल्याचं पातेलं निसटलं. एक कारागीर ओट्यावरून उडी मारून पळाला तो थेट पलीकडच्या लिंबायत भागात सापडला. लोटू वाटेतच उभा होता. रंभाबाईनं त्याचं सफाचट डोकं बघितलं आणि ती जागच्या जागी थबकली.

"लोटू! अरे, कोन गयं रे?"

"तू!" लोटू किंचाळला. "तूच गयी ना, काकू!"

"मी? मी तं आते गाडीमा जागासाठे भांडीसन उनू!"

पण आत्ताच गाडीत जागेसाठी भांडून आलेल्या त्या म्हातारीला थांबायला वेळ कुठला! लोटूच्या डोक्यावर केस नाहीत, म्हणजे घरात कोणीतरी नक्की गेलं. तिनं भराभरा माणसं मोजली. राघो ओट्यावर. मंगला दारात. चेतन? चेतन कुठाय? ती तशीच आत घुसली. समोर खाट. खाटेवर डोक्यापासून पायापर्यंत पांढरी चादर!

"चेतन्या रेऽऽ!" म्हणून म्हातारीनं त्या चादरीवर अंग झोकून दिलं. मागोमाग गावच्या सगळ्या बायका!

दोन दिवस बापाला, आईला, शेजाराला जे जमलं नव्हतं ते त्या एका धडाक्यात झालं. चेतन उठला!

"आजी! सरक! गुदमरतोय मी!"

बायका किंचाळत मागं पडल्या. एकीनं रामनाम सुरू केलं. रंभाबाई मात्र हलली नाही. तिनं पोराचे गाल दोन्ही हातांनी चाचपले, नाक ओढून पाहिलं, मग त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की बाहेर ऐकू गेला.

"जित्ता शे!" ती म्हणाली आणि आता खरोखरची रडायला लागली.

"मग मेलं कोण?" शेवटी कोणीतरी माणुसकी सोडली. बाहेर सगळे राघोआप्पाकडे बघत होते. राघोआप्पानं टॉवेल पुन्हा नाकापर्यंत ओढला.

"कोणी नाही," तो टॉवेलातून म्हणाला. "चेतनचा मुंबईला नंबर लागला नाही. पुण्यालाही. दिल्लीलाही. मला वाटलं, तुम्ही त्यासाठीच येताय."

 लोटूचा हात सावकाश वर गेला, डोक्यावरून फिरला, मग नाकाखाली येऊन रिकाम्या जागेत थांबला.

"कॉलेज?" तो म्हणाला. "माझ्या मिशा... कॉलेजासाठी?"

चेतन दारात येऊन उभा होता. त्यानं लोटूकाकाच्या डोक्याकडे पाहिलं, ओठावर ओठ दाबून धरले, आणि फुटला! खांबाला धरून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत तो हसत राहिला. मंगलाबाई हसली, धुरपदाबाई हसली, मग ओटाच हसायला लागला. लोटू तेवढा हसला नाही.

"हसू नका!" आवाज आला धुडकूबाबांचा. गावाहून आलेले, भावकीतले सगळ्यात वडीलधारे. दुसरी खेप पडू नये म्हणून कोणाच्याही दुःखात गंधाची डबी आणि टॉवेल-टोपी घेऊनच गाडीत बसणारे. "माणसं बसली. कडू घास खाल्ला. लोटूचे केस गेले. आता कोणी मेलंच नाही, असं कसं चालेल? दुखवटा एकदा बसला की गंध लावून, टोपी घालून रीतीनं उठवावा लागतो. कोणाच्या नावानं उठवायचा ते ठरवा."

सगळे विचारात पडले. कोणीही आपलं नाव पुढं करेना.

"ते मुंबईनं कॉलेज गयं समजा," आतून रंभाबाई म्हणाली. तिनं चेतनचा हात अजून सोडला नव्हता. "मना नातू शे ना मनाजोडे? मंग माले त्या कॉलेजनं काय करनं शे!"

राघोआप्पाला एकदम गलबलून आलं. वर्षभर तो उठता-बसता 'मुंबई मुंबई' करत होता, पण पोरगं जवळ आहे तर कॉलेजचं काय एवढं, ही साधी गोष्ट त्यानं पोराला एकदाही सांगितली नव्हती. त्याला पोराजवळ जाऊन काहीतरी बोलावंसं वाटलं, पण ओरडून बोलायची सवय, हळू आवाजात शब्दच सापडेनात. तो नुसताच पोराच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला.

चेतननं नाक पुसलं.

"आप्पा," तो म्हणाला, "ती खिडकी बंद कधी होते?"

अरे बाप रे! मग जी धावपळ उडाली! धुडकूबाबा म्हणाले, गंध लावल्याशिवाय कोणी उंबरा ओलांडायचा नाही. मंगलाबाई म्हणाली, मग लावा ना लवकर! चेतनला पाटावर बसवलं, कपाळाला गंध लावलं, डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल.

"पुण्याचं आणि दिल्लीचं?" कोणीतरी विचारलं.

"एकाच गंधात उरकली तिन्ही!" धुडकूबाबा म्हणाले. "चला! दुखवटा उठला की सगळ्यांनी मिळून माणसाला बाहेर न्यायचं असतं. कुठं न्यायचं?"

"कॉलेजात!"

शेठचा कापडाचे ताके वाहणारा टेम्पो गल्लीत उभाच होता. त्यात अख्खा गाव चढला आणि टेम्पो सुटला. वाटेत रिंगरोडला साडीच्या गाठोड्यांच्या हातगाड्यांनी रस्ता अडवला होता. रंभाबाईनं टेम्पोतूनच अशी आरोळी ठोकली की हातगाड्या आपोआप बाजूला झाल्या.

कॉलेजच्या खिडकीसमोर ही लांबलचक रांग! आत कारकून घड्याळाकडे बघत खिडकीची झडप ओढायच्या बेतात. राघोआप्पा मनात म्हणाला, संपलं! इथवर येऊन संपलं!

तेवढ्यात कारकुनाची नजर गेली. समोर टोपी-टॉवेल घेतलेलं, गंध लावलेलं, रडून आणि हसून डोळे लाल झालेलं पोर. शेजारी दाढी वाढलेला बाप. मागं तुळतुळीत डोक्याचा लोटू, चेहऱ्यावर जगातलं सगळं दुःख. त्यामागं पदर डोळ्याला लावलेल्या बायका. कारकून उभा राहिला. त्यानं हात जोडले. रांग आपोआप दुभंगली.

"आगळ आवो, भाई," फार वाईट झालं अशा सुरात तो हळूच म्हणाला. "घणुं खोटुं थयुं."

"त्याचं असं आहे साहेब," राघोआप्पा खुलासा करायला पुढं सरसावला, "खरं म्हणजे कोणी..."

लोटूनं त्याच्या पायावर पाय दिला.

"गप!" तो कानात म्हणाला. "माझ्या मिशांचा काहीतरी उपयोग होऊ दे!"

कारकुनानं एक प्रश्न विचारला नाही. विचारायचंच नसतं ना! चेतनला प्रवेश मिळाला आणि मागं खिडकीची झडप खाली आली. बाहेर येताना सगळ्यांच्या तोंडावर हसू होतं, पण कारकून बघत होता म्हणून सगळ्यांनी ते कोपऱ्यापर्यंत दाबून धरलं. गाववाले मग घरी येऊन पोटभर जेवले आणि संध्याकाळच्या गाडीनं, एकानंही 'येतो' न म्हणता, परत गेले.

राघोआप्पानं त्या दिवशी सर्वांसमक्ष कान धरले. आता पुन्हा म्हणून आगाऊ काही जाहीर करणार नाही! आणि शब्द पाळला बरं का. अगदी दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या चहापर्यंत पाळला.

"बी.एस्सी. म्हणजे काय समजलात?" टपरीवर बशी आपटली गेली आणि आवाज तिन्ही गल्ल्यांत पोचला. "पोरगं पहिलं येणार! आणि मग एम.एस्सी.ला थेट मुंबई! सांगून ठेवतो! तिथं समजा नाही झालं, तर पुणं आहे..."

लोटूनं चहाचा ग्लास अर्धा ठेवला, एक हात नाकाखाली झाकून धरला आणि तो मुकाट्यानं कारखान्याकडे चालायला लागला.

धुरपदाबाई दारात भांडी घासत होती. तिनं शांतपणे राख झटकली आणि आत सुनेला हाक मारली.

"सुमन, डब्यात बेसन किती आहे गं? जरा जास्तच आणून ठेवू."